कागदी दरवाजा मातकट आला तर

दिवाळीच्या किल्ल्यासाठी पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचं कागदी मॉडेल केलं. स्क्रीनवर गवत हिरवंगार, प्रिंटवर वाळल्यागत! प्रिंटवाल्याशी हुज्जत घालू नका, मी घातली होती. स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश) रंग दाखवते, छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) शाईत होते. भडक हिरवा त्या शाईच्या आवाक्यातच नसतो. गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये सॉफ्ट-प्रूफ (छापल्यावर दिसेल तसा रंग स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून रंग आधीच बघा, किंवा सरळ त्याच कार्डशीटवर रंगांची एक पट्टी छापून घ्या. मला पट्टीच बरी वाटते.

पेपाकुरात (थ्रीडी मॉडेल उलगडून कागदी तुकडे करणारा प्रोग्रॅम) मॉडेल पांढरंफेक उघडलं, तर बहुधा ओबीजे (मॉडेलच्या आकाराची) फाइल एकटीच आलेली असते. एमटीएल (कुठलं चित्र लावायचं ते सांगणारी फाइल) आणि टेक्श्चरचं, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र तिच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये हवं. चित्राचं नाव बदललं असेल तर एमटीएल नोटपॅडमध्ये उघडून तिथंही बदला.

आता खरी डोकेदुखी, माप. इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅमच्या 0.92 आवृत्तीपासून इंचाला 90 ऐवजी 96 पिक्सेल धरतात. जुनी एसव्हीजी (इंकस्केपची चित्र-फाइल) तशीच उघडली तर 10 सेंमीची भिंत 9.4 सेंमीची होऊ शकते, मग नव्या पानावरची कमान तिच्यात बसतच नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 5 सेंमीची रेघ ओढायची, पीडीएफ काढायची, छापताना 'फिट टू पेज' नाही, 'अ‍ॅक्चुअल साइज' निवडायचं आणि पहिल्याच पानावर फूटपट्टी लावून रेघ मोजायची. चित्रच द्यायचं असेल तर पीएनजी, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके). ए4 ला 2480 बाय 3508 पिक्सेल. जेपीजीत घडीच्या बारीक रेघा फिसकटतात.