मराठवाड्यात राहून वेल्श शिकायची असेल तर

वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा, शिकताना आरंभ व्याकरणाने न करता उच्चारांनी करावा, कारण तिचे लेखन पाहताक्षणी धडकी भरवणारे असले तरी नियमांनी घट्ट बांधलेले आहे आणि वर्णमाला हाती आली की अनोळखी शब्दही बहुधा बिनचूक वाचता येतो. एकेरी 'एफ' म्हणजे 'व', दुहेरी 'एफ' म्हणजे 'फ', तर 'डब्ल्यू' हा बऱ्याचदा 'उ' हा स्वर असतो. दुहेरी 'एल'साठी जीभ 'ल' म्हणताना टेकते तिथेच टेकवावी आणि कंठातून आवाज न काढता बाजूने नुसती हवा सोडावी. 'क्ल' म्हणून वेळ मारून नेऊ नये.

खरा कस लागतो तो शब्दाच्या पहिल्या व्यंजनात. आपल्याकडे विभक्ती लागताना 'घोडा'चे 'घोड्याला' असे शेवट बदलते, वेल्शमध्ये मात्र आरंभच बदलतो. वेल्सची राजधानी कार्डिफ म्हणजे 'काइरदीद'. कार्डिफला म्हणताना 'इ गाइरदीद', कार्डिफमध्ये म्हणताना 'अङ् ङ्हाइरदीद', आणि 'आणि कार्डिफ' म्हणताना 'आ खाइरदीद', ज्यातला 'ख' आपल्याकडचे उर्दू बोलणारे 'खबर' म्हणतात तसा घशात घासून काढायचा. या बदलांचे तक्ते पाठ करण्याची घाई नको; शब्दकोशात मूळ शब्द शोधण्यापुरते ते ओळखता आले तरी पहिल्या वर्षी पुरे. 'म्हैस' आणि 'न्हाणी' म्हणणाऱ्या जिभेला त्यातले काही ध्वनी परके वाटणार नाहीत.

इतिहास थोडा वाचावाच. 1536च्या कायद्याने वेल्समधील न्यायालये इंग्रजीत चालू लागली आणि इंग्रजी न वापरणाऱ्या वेल्शभाषकांना सरकारी पदे बंद झाली; निजामाच्या राजवटीतला उर्दू कारभार ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. 1588च्या बायबलच्या भाषांतराने लिखित वेल्श सावरली. 1982मध्ये 'एस फोर सी' ही वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली, तर 2011च्या कायद्याने भाषेला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. तरीही 2021च्या जनगणनेत वेल्श बोलू शकणारे सुमारे 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्केच होते.

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवरचा अभ्यासक्रम विनामूल्य असला तरी इंग्रजीतून आहे, तेव्हा टिपणे मराठीतच काढावीत. उत्तरेची बोली की दक्षिणेची, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे. 'आता' हा साधा शब्दही दक्षिणेत 'नाउर' आणि उत्तरेत 'रूअन' असल्याने दोन्ही एकदम धरल्यास नवशिक्याचा गोंधळ उडतो.