पालेभाजीवरील जिवंत किडे कसे ओळखावेत?
जुडी सोडून पाने सुटी करावीत आणि पांढऱ्या, पसरट भांड्यात मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावीत. पानांच्या मागच्या बाजूला व देठांच्या बेचक्यात दडलेला मावा, अळ्या किंवा लहान गोगलगायी त्यामुळे सुटतात आणि भरपूर उजेडात त्यांची हालचाल नजरेस पडते. कोबीची पाने मात्र एकेक करूनच सोडवावीत.

तरीही पाणी स्वच्छ दिसले म्हणून भाजी निर्धोक मानू नये. माणसाला खरा अपाय करणारी जंतांची अंडी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत: गोलकृमीचे अंडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असते, पट्टकृमीचे त्याहून बारीक, आणि ती शोधायची तर प्रयोगशाळेत भाजी धुतलेल्या पाण्याचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. डुकरातील पट्टकृमीची अंडी पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट येऊ शकते, हे विशेष गांभीर्याने घ्यावे. मिठाच्या पाण्याने ही अंडी मरत नाहीत. वाहत्या पाण्याखाली प्रत्येक पान चोळून धुतल्याने ती बरीच कमी होतात. पूर्ण खात्री मात्र भाजी नीट शिजवल्यावरच मिळते, म्हणून सांडपाण्यावर पिकवल्याचा संशय असलेली पाने कच्ची खाऊ नयेत.