सीलकोटनंतर पार्किंगचे पट्टे केव्हा मारावेत : गोव्याच्या हवेत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

डिसेंबरमधील एका शनिवारी सकाळी मी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या वाहनतळावर उभा होतो. जत्रा चार दिवसांवर आली होती. गुरुवारी सायंकाळी सीलकोटचा, म्हणजे डांबरी पृष्ठभागावर देतात त्या काळ्या संरक्षक लेपाचा, दुसरा थर पूर्ण झाला होता आणि शुक्रवारी सायंकाळी, म्हणजे डब्यावर छापलेले 24 तास भरताच, पांढरे पट्टे मारून झाले होते. रात्री दव पडले. सकाळी फुले घेऊन आलेल्या टेम्पोने जागच्या जागी स्टिअरिंग फिरवले आणि हातभर लांबीचा पट्टा टायरला चिकटून उचलला गेला. तो तुकडा मी उलटून पाहिला. वर पांढरा रंग होता, खाली सीलकोटचा काळा थर होता आणि त्या काळ्या थरात नख रोवल्यावर तपकिरी ओल बोटाला लागली. रंग चांगल्या प्रतीचा होता, रंगारी अनुभवी होता, सीलकोटही दोन थरांत व्यवस्थित बसला होता. चुकली होती ती पट्टे मारण्याची वेळ.

अशी कामे गोव्यात दरवर्षी नव्याने बिघडताना दिसतात आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते: आपण घड्याळ पाहतो, पृष्ठभाग पाहत नाही.

डब्यावरचे 24 तास आपल्या हवेचे नसतात

पार्किंगसाठी वापरला जाणारा सीलकोट हा बहुधा पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, म्हणजे इमल्शनचा बनलेला असतो. त्यात बारीक वाळू आणि खनिज भुकटी असते. ओतताना तो तपकिरी दिसतो. पाणी निघून जाऊ लागले आणि डांबराचे सूक्ष्म थेंब एकमेकांना चिकटू लागले की तो काळा होतो. इथेच पहिली फसगत होते, कारण काळा रंग हा थर जुळू लागल्याचा पुरावा आहे, तो पूर्ण सुकल्याचा नाही. थर आधी वरून सुकतो आणि मग हळूहळू खालपर्यंत; त्यानंतरही तो पूर्ण कडक होण्यास सुमारे 30 दिवस लागू शकतात.

डब्यावर दिलेला कालावधी साधारणपणे 20 ते 25 अंश तापमान, 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि मोकळी, वाहती हवा गृहीत धरून लिहिलेला असतो. आपल्याकडे दिवसाचे तापमान भरपूर असते, पण किनाऱ्यालगतची हवा आधीच पाण्याने भारलेली असल्यामुळे थरातले पाणी उचलून घेण्याची तिची ताकद कमी पडते. त्यात डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्रींची भर पडते. काळा पृष्ठभाग दिवसा जसा पटकन तापतो, तसाच रात्री उघड्या आकाशाखाली पटकन थंडही होतो, आणि हवेपेक्षा थंड झाला की त्याच्यावर दव जमते. म्हणजे दिवसभरात जेवढे सुकले, त्यातले काही रात्री पुन्हा ओले होते. म्हणून मी तास मोजत नाही, उन्हाचे दिवस मोजतो. मोकळ्या जागेवर शेवटचा थर सकाळी मारला असेल तर किमान दोन पूर्ण उन्हाचे दिवस जाऊ द्यावेत. आंबा, फणस किंवा जांभळाच्या सावलीत असलेल्या कोपऱ्यासाठी तीन ते चार. एकाच पार्किंगचा अर्धा भाग तयार आणि अर्धा कच्चा असणे हे नेहमीचेच आहे, आणि सगळे पट्टे एकाच दिवशी मारण्याच्या हट्टापायी सावलीतले पट्टे आधी निघतात.

दुसरी फसगत याच्या अगदी उलट आहे. एप्रिल-मे महिन्यांत डांबरी पृष्ठभाग 60 अंशांच्या आसपास तापतो आणि अशा उन्हात जाड थर मारला तर वरच्या बाजूला काही मिनिटांत साय धरावी तशी साल धरते. आतले पाणी त्या सालीखाली अडकते. हाताला कोरडे लागते, डोळ्यांना कोरडे दिसते, आणि रंग मारल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्ट्यावर बारीक फोड येतात. त्यावर उपाय म्हणजे जाड एका थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत, पहिला पूर्ण सुकल्याखेरीज दुसरा देऊ नये आणि काम सकाळी लवकर, दव उडून गेल्यावर सुरू करून दुपारपूर्वी आटोपावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी कधीही येतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास मॉन्सून दाखल होतो, त्यामुळे मे अखेरीस हे काम काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पट्टे मारण्याआधी पृष्ठभागाला विचारावे

यासाठी यंत्रे लागत नाहीत. सर्वांत सावलीची आणि सर्वांत सखल अशा दोन जागा निवडाव्यात, कारण तिथे सुकले तर बाकी सगळीकडे सुकलेच असणार. अंगठा दाबून जागच्या जागी फिरवावा. थर सरकला, सुरकुतला किंवा अंगठ्याला काळे लागले तर थांबावे. त्यानंतर पांढरे सुती फडके किंचित ओले करून तीच जागा घासावी. फडक्यावर तपकिरी डाग आला तर इमल्शन अजून जुळलेले नाही. नुसती धूळ आली तर झाडणी बाकी आहे. तिसरी परीक्षा आदल्या दिवशी सकाळीच सुरू करायची असते: हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दुपारपर्यंत उन्हात ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर थराच्या पोटात अजून पाणी आहे. आणि ती चिकटपट्टी ओढून काढताना तिच्यासोबत काळा थर उचलला गेला, तर तिच्यापेक्षा कितीतरी जोराने ओढणारा गाडीचा टायर काय करील, याचा अंदाज तिथेच येतो.

पट्टे मारण्याच्या दिवशी घाई असली तरी सकाळी दहापूर्वी सुरुवात करू नये. हात फिरवून दव पूर्ण उडाल्याची खात्री करावी. रंगालाही सूर्यास्तापूर्वी सुकायला वेळ हवा, म्हणून दुपारी तीननंतर नवा पट्टा घेऊ नये. पाण्यावर आधारित रंगावर ओला असतानाच दव पडले तर त्यातील साबणासारखे घटक वर येतात आणि सकाळी पट्टा पिवळसर, चिकट दिसतो.

रंग चुकला तर वेळ पाळूनही उपयोग नाही

या विषयावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इथली चूक धुऊन काढता येत नाही. आपल्याकडे रस्त्यांवर पट्टे मारणारी पथके दोन प्रकारचा माल घेऊन येतात. एक थिनरमध्ये पातळ होणारा रंग, दुसरा गरम करून ओतला जाणारा थर्मोप्लास्टिक. दोन्ही मुरलेल्या, जुन्या डांबरी रस्त्यावर उत्तम चालतात. ताज्या सीलकोटवर मात्र थिनर डांबराला विरघळवतो. डांबराचे तेलकट घटक रंगात चढतात आणि पांढरा पट्टा आठ दिवसांत चहाचा डाग पडावा तसा तपकिरी होतो. त्याच्यावर पुन्हा तोच रंग मारला तर डाग पुन्हा वर येतो. रंगाऱ्याने डबा पुरवण्यासाठी जास्तीचे थिनर किंवा रॉकेल ओतले असेल, तर पट्ट्याखालचा थर इतका मऊ होतो की उन्हात त्यावर दुचाकीचे स्टँड रुतते.

थर्मोप्लास्टिक साधारण 180 ते 200 अंशांपर्यंत तापवून ओतले जाते आणि सरकारी रस्त्यांच्या मानकांनुसार त्याची जाडी 2.5 मिलिमीटर असते. एवढा गरम आणि जड माल कच्च्या सीलकोटवर पडला की खालची ओल वाफ होऊन वर येते आणि पट्ट्याला भोके पडतात. शिवाय तो खालच्या डांबराला न चिकटता केवळ सीलकोटच्या पातळ थराला चिकटतो आणि काही महिन्यांत खपल्यांसारखा उचलला जातो. गृहसंकुलाच्या, शाळेच्या किंवा देवस्थानाच्या पार्किंगमध्ये गाड्यांचा वेग कमी असतो. तिथे थर्मोप्लास्टिकची गरजच नसते. सीलकोटवर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक ट्रॅफिक पेंट वापरावा, कंत्राटात तसे स्पष्ट लिहून घ्यावे आणि माल आल्यावर डब्यावरचे नाव स्वतः वाचावे. थिनरचा रंग किंवा थर्मोप्लास्टिक काही कारणाने टाळता येत नसेल, तर निदान महिनाभर थांबावे.

रंग एकाच जाड थरात ओतणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. सुकताना रंग आकसतो. खालचा थर मऊ आणि वरचा रंग ताठ असला की आकसणारा रंग खालच्या थराला ओढतो आणि पट्ट्यावर सुसरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. पहिला हात पातळ द्यावा, तो सुकू द्यावा आणि मगच दुसरा द्यावा.

छोट्या वाटणाऱ्या, पण महाग पडणाऱ्या चुका

सीलकोट जुने पट्टे झाकून टाकतो. हे सर्वांना ठाऊक असते, तरीही आधी नकाशा काढून ठेवणारे थोडेच असतात. काम सुरू होण्यापूर्वी मोजमापे घेऊन फोटो काढावेत आणि कडेच्या दगडांवर प्रत्येक पट्ट्याच्या टोकाची खूण करावी. मोटारीसाठी साधारण 2.5 मीटर गुणिले 5 मीटर जागा धरतात. दिव्यांग व्यक्तीच्या वाहनासाठी रुंदी 3.6 मीटर हवी आणि ती जागा प्रवेशद्वाराच्या जवळ हवी. पट्टे पुन्हा आखण्याची संधी आलीच आहे, तर ही जागा आधी आखावी आणि उरलेल्या जागेत बाकीच्या बसवाव्यात.

आखणीसाठी चुन्याची भुकटी वापरू नये. तिच्यावर रंग धरत नाही, तो भुकटीला चिकटतो आणि भुकटीसोबत निघून जातो. निळीचे सूत ताणून बारीक रेघ पाडावी.

लाल माती ही आपली खास अडचण आहे. चिऱ्याची बारीक भुकटी वाऱ्याने, टायरने आणि चपलांनी सतत येत राहते, आणि दोन दिवस थांबलेल्या सीलकोटवर तिचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. पट्टे मारण्याआधी मऊ झाडूने झाडून, शक्य असेल तर ब्लोअरने हवा मारून, लगेच रंग द्यावा. पाण्याने धुऊ नये, अन्यथा सुकण्याची वाट पुन्हा पाहावी लागते.

गृहसंकुलांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. पहाटे बादलीने गाड्या धुणारे, झाडांना पाईपने पाणी घालणारे आणि वर्तमानपत्र टाकायला येणारे यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. पार्किंगचे दोन भाग करून एक भाग पूर्ण झाल्यावरच दुसरा घ्यावा, नुसत्या दोरीऐवजी पिंपे किंवा बाके आडवी ठेवावीत आणि सूचना मराठी, कोकणी व इंग्रजीत तीन दिवस आधी लावावी.

बिघडले असेल तर आधी तुकडा उलटून पाहावा

निघालेल्या पट्ट्याची मागची बाजू दोष कुठे आहे ते सांगते. ती स्वच्छ पांढरी असेल, तर रंग सीलकोटला चिकटलाच नाही, म्हणजे मध्ये धूळ किंवा दव होते. अशा ठिकाणी सुटलेला रंग खरवडून, झाडून आणि कोरड्या दुपारी पुन्हा पट्टा मारून काम भागते. मागे काळा थर मऊ आणि ओलसर आला असेल, तर सीलकोट कच्चा होता; तिथे लगेच डागडुजी करू नये. आठवडाभर ऊन लागू द्यावे, उघडी पडलेली जागा सीलकोटने भरावी, ती अंगठ्याच्या परीक्षेत उतरली की मग रंग द्यावा. काळ्या थराच्याही मागे लाल माती किंवा वाळलेले हिरवे शेवाळ दिसले, तर दोष पट्ट्यांचा नाहीच. पावसाळ्यानंतर डांबर नीट न घासता त्यावर सीलकोट मारला गेला आहे आणि तो भाग खालपर्यंत काढल्याखेरीज इलाज नाही. तेलाच्या डागावरून सीलकोट सुटला असेल, तर तो डाग डिटर्जंटने घासून, वाळवून, त्यावर ऑइल स्पॉट प्रायमर, म्हणजे तेलाचा डाग झाकणारे अस्तर, दिल्याशिवाय पुढचे काहीही टिकत नाही.

तपकिरी पडलेल्या पट्ट्यांना मात्र हात लावण्याची घाई करू नये. महिनाभरात सीलकोटमधले तेलकट घटक बरेच उडून जातात. त्यानंतर पाण्यावर आधारित रंगाचे दोन पातळ हात दिल्यास डाग बहुधा पुन्हा वर येत नाही.

आणि जत्रेची किंवा लग्नाची तारीख खरोखरच पुढे ढकलता येत नसेल, तर संपूर्ण पट्टे मारूच नयेत. प्रत्येक जागेच्या चार कोपऱ्यांवर पाण्यावर आधारित रंगाच्या वीतभर लांबीच्या पातळ खुणा कराव्यात आणि मार्ग दाखवण्यासाठी शंकू ठेवावेत. त्या देवस्थानाच्या वाहनतळावर आम्ही अखेर हेच केले. सुटलेले पट्टे खरवडून काढले, कोपऱ्यांवर खुणा केल्या आणि वाहने लावून देण्यासाठी दोन स्वयंसेवक उभे केले. पूर्ण पट्टे जानेवारीच्या अखेरीस, तीन कोरड्या दिवसांनंतर मारले गेले.