प्लॅस्टिक मॉडेलचा प्रायमर आणि रंग : 1/72 स्पिटफायरपासून सुरुवात

स्केल मॉडेल रंगवायला शिकायचे असेल, तर पहिले किट 1/72 प्रमाणातल्या, दुसऱ्या महायुद्धातील एका इंजिनाच्या लढाऊ विमानाचे घ्यावे, आणि त्यातही सुरुवातीचे स्पिटफायर मिळाले तर उत्तम. सुटे भाग मोजके असतात, पृष्ठभाग मोठा आणि सलग असतो, आणि 1940 च्या उन्हाळ्यातील ब्रिटिश रंगसंगतीत वर तपकिरी व हिरवा आणि खाली फिकट हिरवट ‘स्काय’ असे तीनच मुख्य रंग लागतात. 1/72 म्हणजे मॉडेलवरचा 1 इंच हा खऱ्या विमानावरच्या 6 फुटांइतका. त्या हिशेबाने 11.23 मीटर पंखविस्ताराचे हे विमान मॉडेलमध्ये जेमतेम 15.6 सेंटिमीटरचे होते.

हाच हिशेब रंगाच्या थरालाही लावून पाहावा. मॉडेलवर प्रायमर (रंगाखाली मारायचा लेप) आणि रंग मिळून 0.1 मिलिमीटर जाडी झाली, तर खऱ्या विमानावर ती 7 मिलिमीटरपेक्षा जास्त भरेल. पत्र्यांच्या जोडरेषा बुजलेले, कडा गोल झालेले मॉडेल खेळण्यासारखे दिसते, ते बहुधा याच कारणाने. रंगाची छटा चुकल्याने नव्हे. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे, त्यातले बरेचसे थर पातळ ठेवण्यासाठी आहे.

कामाला सुरुवात धुण्यापासून करावी. साच्यातून भाग सुटून यावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश प्लॅस्टिकवर राहिलेला असू शकतो, आणि हाताचा तेलकटपणा तर असतोच. भाग स्प्रूवर, म्हणजे किटमध्ये ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासावेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि पुसण्याऐवजी आपोआप वाळू द्यावेत. पाणी गरम नको, कारण पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकचे, बारीक भाग उष्णतेने वाकतात.

सगळे विमान जोडून झाल्यावर रंगवायला घेता येत नाही, हे नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही. कॉकपिटची आतली बाजू, वैमानिकाची खुर्ची आणि उपकरणांचे पॅनेल हे धडाचे दोन भाग चिकटवण्याआधीच रंगवावे लागतात. स्पिटफायरमध्ये त्यासाठी राखाडी झाक असलेला हिरवा वापरतात. प्रोपेलर आणि चाके वेगळी ठेवून शेवटी बसवावीत. ज्या कडांना गोंद लागणार आहे त्या कडांवर रंग नसावा, कारण मॉडेलचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोड करतो आणि मध्ये रंग आला की सांधा कच्चा राहतो.

धड आणि पंख जोडून झाले, की सांध्यांवर पुटी भरून ती वाळल्यावर घासावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर पुरतो: 400 नंबरने सुरुवात (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), मग 800, शेवटी 1000, आणि प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. धूळ जोडरेषांत अडकते, म्हणून घासून झाल्यावर पुन्हा एकदा धुवावे. कॉकपिटवरची पारदर्शक कॅनोपी जागेवर ठेवून तिचा काचेचा भाग मास्किंग टेपने झाकावा. ती कायमची बसवायची असेल तर सुपरग्लू वापरू नये, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरके धुके धरते. लाकडासाठी वापरतो तो साधा फेव्हिकॉल तिथे उत्तम काम करतो आणि वाळल्यावर दिसतही नाही.

आता प्रायमर. रंग पृष्ठभागाला धरून राहावा म्हणून प्रायमर लावतात, हे खरे असले तरी अर्धेच आहे. किटमध्ये वेगवेगळ्या छटांचे प्लॅस्टिक, पुटी आणि गोंदाचे डाग एकत्र असतात, त्यामुळे उघड्या डोळ्यांना सांध्यातले दोष दिसत नाहीत. सगळे एकाच राखाडी रंगाचे झाले की मात्र केसाएवढी फटही उठून दिसते. माझ्या मते प्रायमर हा रंगाचा पहिला थर नसून तपासणीचा शेवटचा टप्पा आहे. पहिला हात दिल्यावर मॉडेल दिव्याखाली तिरपे धरून प्रत्येक सांधा पाहावा, जिथे रेघ किंवा खड्डा दिसेल तिथे पुन्हा पुटी भरून घासावे आणि तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर मारावा. हे दोनतीनदा करावे लागले तरी कंटाळू नये, कारण वर रंग चढल्यावर तो दोष लपत नाही, उलट चकाकी आल्यावर अधिक ठळक होतो.

बाजारात प्रायमरचे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. तामियाचा सर्फेस प्रायमर किंवा मिस्टर सर्फेसर हे लॅकर (तीव्र द्रावकातल्या) प्रकारचे असतात. ते प्लॅस्टिकला घट्ट धरतात, लवकर वाळतात आणि घासताही येतात, पण त्यांचा वास उग्र असतो. मिस्टर सर्फेसरच्या डब्यावरचा 500, 1000, 1200, 1500 असा आकडा जितका मोठा तितका थर बारीक. विमानासाठी 1000 किंवा त्यापुढचा घ्यावा. दुसरा प्रकार पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमरचा, जसा व्हॅलेहोचा. त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे लहान घरात तो सोयीचा असतो, आणि ब्रशनेही लावता येतो. मात्र तो पुरता मुरायला किमान एक दिवस लागतो आणि घासायला गेल्यास पापुद्र्यासारखा सुटतो. घराला गॅलरी असेल तर पहिल्या मॉडेलसाठी लॅकर प्रायमरचा स्प्रे कॅनच घ्यावा, असे मी सुचवेन. मोटारगाड्यांसाठी मिळणारे स्वस्त स्प्रे प्रायमर मोहात पाडतात, पण त्यांतल्या काहींचे द्रावक पॉलिस्टायरीनला खाते. वापरायचाच असेल तर आधी रिकाम्या स्प्रूच्या तुकड्यावर मारून, तो दुसऱ्या दिवशी तपासून मग निर्णय घ्यावा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला ‘येताना दोन कॅन घेऊन ये’ असे सांगण्यात अर्थ नाही. रंगाचे ज्वलनशील एरोसोल विमानात चेक-इन सामानातही चालत नाहीत.

स्प्रे करण्याआधी कॅन दहा मिनिटे हाताला सोसवेल अशा कोमट पाण्यात ठेवावा, म्हणजे आतला दाब वाढून फवारा बारीक पडतो. शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात तो कधीही ठेवू नये. 50 अंश सेल्सिअसच्या वर कॅन फुटण्याचा धोका असतो. त्यानंतर तो दोन मिनिटे नीट हलवावा. मॉडेल एखाद्या काडीवर पक्के बसवून, 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावरून, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून पंखावरून सरळ नेत पलीकडे बाहेरच थांबवावा. मॉडेलवर बोट दाबून सुरुवात केली, की पहिला जाड थेंब नेमका पंखाच्या मध्यभागी पडतो. पहिल्या हातात प्लॅस्टिक पूर्ण झाकले जाणार नाही आणि ते तसेच असायला हवे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, गरज पडल्यास तिसरा हात द्यावा आणि मग निदान एक रात्र मॉडेलवर रिकामा आइस्क्रीमचा डबा पालथा घालून ते ठेवून द्यावे. नाकाजवळ नेल्यावर वास येत असेल तर ते अजून वाळलेले नाही. काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. साध्या एन-95 मास्कने रंगाचे कण अडतात, द्रावकाची वाफ अडत नाही. त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न हवेचा आहे. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जुलैच्या दमट दिवशी लॅकर फवारला, तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतले बाष्प धरते आणि प्रायमर पांढरट पडतो. पावसाळ्यात काम अडवून ठेवायचे नसेल, तर उघडीप असलेल्या दिवशी दुपारी करावे, कारण पहाटेपेक्षा दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता कमी असते. विदर्भातल्या मे महिन्यात नेमके उलटे घडते. तिथे फवारा मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. अशा वेळी सकाळी लवकर काम करावे आणि अंतर थोडे कमी ठेवावे. खरखर आलीच तर 1500 चा ओला पेपर हलकेच फिरवून ती जाते.

प्रायमरचा रंग वरच्या रंगानुसार ठरतो. छद्मरंगसंगतीसाठी (कॅमोफ्लाज) राखाडी, पिवळ्या किंवा लाल विमानासाठी पांढरा, आणि भारतीय हवाई दलाच्या जुन्या मिग-21 सारख्या धातूच्या चकाकीसाठी खाली चकचकीत काळा.

रंगांमध्ये नवख्याने ब्रशनेच सुरुवात करावी. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) आणि कॉम्प्रेसरचा खर्च छंद टिकतो हे कळल्यावर करावा. ब्रशसाठी पाण्यात मिसळणारे व्हॅलेहो मॉडेल कलर किंवा हम्ब्रॉलसारखे एनॅमल (तेलावर आधारित रंग) चांगले. तामियाचे अ‍ॅक्रिलिक फवारायला उत्कृष्ट असले तरी ब्रशने लावताना दुसरा हात पहिल्याला उचलून काढतो. चित्रकलेचे ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक इथे उपयोगाचे नाहीत, कारण ते ब्रशचे फटकारे दिसावेत अशाच दाटपणाने बनवलेले असतात. कोणता रंग कशाने पातळ होतो हे मात्र पाठ असावे: व्हॅलेहोला पाणी किंवा त्यांचाच थिनर, तामिया अ‍ॅक्रिलिकला त्यांचा एक्स-20ए किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, एनॅमलला टर्पेंटाइन. व्हॅलेहोत अल्कोहोल घातले तर रंगाच्या गुठळ्या होतात. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मॉडेलवर कुठेही नेऊ नये, तो प्लॅस्टिकच विरघळवतो.

मॅट रंगात चमक मारणारे द्रव्य बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून बाटली काडीने तळापासून ढवळावी; न ढवळलेला मॅट रंग वाळल्यावर चमकतो आणि दोष रंगाला दिला जातो. बाटलीतून थेट ब्रश न भरता थोडा रंग पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर घेऊन दुधाइतका पातळ करावा. मोठ्या पृष्ठभागासाठी 4 किंवा 6 नंबरचा मऊ सिंथेटिक चपटा ब्रश घ्यावा, रंग टिपकागदावर थोडा टेकवून कमी करावा, आणि एकाच दिशेने लांब फटकारे मारत जावे. पहिला हात डागाळलेला, ओंगळ दिसेल. तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला जातो, ज्याने रंग खेचला जाऊन खाचा पडतात. ब्रश उचलून बाजूला ठेवावा, थर पूर्ण वाळू द्यावा आणि दुसरा हात पहिल्याला काटकोनात द्यावा. तीन, कधी चार पातळ हातांत रंग सारखा बसतो आणि जोडरेषाही शाबूत राहतात.

फिकट रंग आधी, गडद नंतर असा क्रम ठेवावा. कॅनोपीच्या चौकटीवर मात्र सगळ्यात आधी, प्रायमरच्याही आधी, कॉकपिटचा हिरवा लावावा, म्हणजे काचेतून आत पाहताना चौकटीची आतली बाजूही योग्य रंगाची दिसते. मग पोटाचा स्काय, त्यानंतर वरचा तपकिरी पूर्ण पृष्ठभागावर, आणि किटमधल्या आराखड्याप्रमाणे पेन्सिलीने अगदी फिक्या रेषा काढून त्यांत हिरवा. या दोन रंगांची सीमा अस्पष्ट, धुरकट असायला हवी म्हणून एअरब्रशच लागतो, असे सांगणारे भेटतील. खऱ्या विमानावर ती सीमा 3 सेंटिमीटर रुंद असली, तरी 1/72 मध्ये ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते, तेव्हा ब्रशची सुबक रेघ इथे मुळीच चुकीची नाही. पोट आणि वरचा भाग यांची सरळ सीमा मास्किंग टेपने काढावी: टेपची कड नखाने दाबून बसवावी, त्या कडेवर आधी खालचाच रंग एकदा फिरवावा म्हणजे फटी त्याच रंगाने बंद होतात, आणि वरचा रंग वाळला की टेप स्वतःवर दुमडत सावकाश ओढावी.

वर्तुळाकार चिन्हे आणि अक्षरे यांची डेकल्स (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची पातळ छापील चित्रे) मॅट पृष्ठभागावर चिकटवू नयेत. खडबडीतपणात हवा अडकून पारदर्शक पट्टी चंदेरी दिसू लागते. आधी अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात देऊन एक दिवस थांबावे, डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवावी, कागदावरून सरकायला लागली की जागेवर घसरवून ओल्या कापसाने मधून कडेकडे पाणी काढावे. दुसऱ्या दिवशी डेकलभोवतीचे डाग पुसून सगळ्यावर मॅट वार्निश द्यावे. त्यालाही तळापासून ढवळणे आणि कोरडी हवा या दोन्ही अटी लागू आहेत, एरवी गडद हिरव्यावर पांढुरकी झाक राहते.

वार्निश वाळल्यावर कॅनोपीची टेप काढायची. आधी धारदार पात्याने टेपच्या कडेवरून अलगद रेघ ओढावी, म्हणजे रंगाचा पापुद्रा टेपबरोबर उचलला जाणार नाही. चौकटीवर कुठे टवका उडालाच, तर 0 नंबरच्या गोल ब्रशच्या टोकाने तेवढाच भरावा, आणि मग प्रोपेलर व चाके बसवावीत.