ममदापूरच्या माळावर काळवीट बघायचे तर

काळवीट बघायला लोक थेट नगर जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य गाठतात. नाशिककरांना एवढं लांब जायची गरज नाही. येवला तालुक्याच्या ईशान्येला ममदापूर-राजापूरचा माळ आहे. २०१४ पासून तो संवर्धन राखीव क्षेत्र आहे, विस्तार साधारण ५४ चौरस किलोमीटर. मात्र माळाला लागूनच लोकांची बाजरी-मक्याची शेतं आहेत, त्यामुळे अभयारण्यातल्या सफारीसारखं काही मनात धरून जाऊ नका.

नाशिक ते येवला ८०-८५ किलोमीटर, निफाड-विंचूरमार्गे. पुढे नांदगाव रस्त्याने राजापूर पंचवीसेक. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून नाशिकहून सव्वाचारला निघा. नऊनंतर पोहोचणाऱ्यांना कळप सावलीला बसलेले दिसतात, तेही लांबून. सकाळ हुकलीच तर दुपारी चारनंतर जा. कोणत्या वाटेने जायची मुभा आहे ते येवल्याच्या वन कार्यालयात आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पाणी, डबा आणि पेट्रोल येवल्यातूनच घेतलेलं बरं.

सगळ्यात जास्त चुकतं ते गाडीतून उतरण्यात. काळविटाची भिस्त नजरेवर. गाडीची त्याला सवय असते, पण दोन पायांवर चालत येणारा माणूस दिसला की पुढची मादी टुणकन उंच उडी मारते आणि क्षणात सगळा कळप पसार. एकदा पळालेला कळप लवकर थांबत नाही, मग सकाळ वाया. म्हणून वाटेवरच थांबा, इंजिन बंद करा, काच हळू खाली घ्या आणि वीस मिनिटं गप्प बसा. कळपाच्या मागे गाडी घालायची नाही: पाडसं गवतात दडवून ठेवलेली असतात. एकटं पाडस दिसलं तर ते टाकलेलं नसतं, आई चरायला गेलेली असते. हात लावू नका.

नर ओळखायला सोपा: पाठ काळी, पोट पांढरं, पिळदार शिंगं. माद्या आणि कोवळे नर बदामी, मादीला सहसा शिंगं नसतात. माळावर एकाच जागी लेंड्यांचा ढीग साचलेला आणि जवळच्या काडीच्या टोकाला काळसर चिकट ठिपका दिसला, की ती नराची हद्द समजा. डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्राव तो काडीला पुसतो. ढीग ताजा असेल तर शंभरेक मीटरवर गाडी लावून वाट बघा. कळपामागे फिरण्यापेक्षा हे कितीतरी फायद्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नरांच्या झुंजी दिसण्याची शक्यता चांगली. कळप नसेल तेव्हाही माळ रिकामा नसतो. चंडोल, जमिनीवर तुरुतुरु पळणारे धाविक आणि हिवाळ्यात घिरट्या घालणारे भोवत्या हे शिकारी पक्षी असतात.

फोटोसाठी ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स लागते. खिडकीत ट्रायपॉड बसत नाही. जुन्या पिशवीत किलोभर बाजरी भरून ती दारावर ठेवा, लेन्स तिच्यावर टेकवा. ऊन चढल्यावर जमिनीवरून वाफा उठतात आणि फोटो धूसर येतात. त्यात लेन्सचा दोष नसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकतं. त्याचं कुसळ ओल लागली की पिळा देत कापडात आत आत शिरतं. लोकरी मोजे घातलेत तर संध्याकाळ ती उपटण्यात जाईल. गुळगुळीत कापडाची मळकट रंगाची पँट आणि बूट घाला. पावसाळ्यात कच्च्या वाटेवर गाडी घालूच नका, काळ्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधावा लागतो. वाळल्या गवतात विडी-सिगारेट तर अजिबात नको.

गावात वागण्याचं एकच सांगतो: काळवीट शेतात शिरून पीक खातो, नुकसान शेतकरी सोसतो. तेव्हा बांधावरून जाताना आधी विचारा, 'काय मस्त हरणं आहेत' हे त्यांच्यासमोर जरा बेतानं.

दुपार मोकळी असते, ती येवल्यात घालवा. पैठणीचे माग घरोघरी आहेत, विचारलं तर विणकर दाखवतात. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली ती जागा, मुक्तिभूमी, इथेच. संक्रांतीला आलात तर तीन दिवस गच्चीवर लाकडी आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) आणि पतंग, त्या दिवसांत शहरात गाडी आणू नका.

विहिरीत पडलेलं किंवा कुत्र्यांनी घेरलेलं जनावर दिसलं तर स्वतः उतरू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि जवळच्या वस्तीवर सांगा.