ध्वनिसाहित्याच्या प्रदर्शनाला जाताना रेकॉर्डिंग आपलेच न्यावे

मुंबईत गोरेगावला भरत आलेल्या पाम एक्स्पोसारख्या मोठ्या प्रदर्शनात प्रत्येक स्टॉलवर विक्रेत्याने निवडलेली, त्याच्याच स्पीकरवर खुलणारी गाणी वाजत असतात, त्यामुळे तुलना फसते. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघण्यापूर्वी आपल्या हलगी-घुमक्याचे एक मिनिटाचे रेकॉर्डिंग, शक्यतो वेव्ह (WAV) फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, फोनवर घ्यावे आणि सगळीकडे तेच वाजवायला सांगावे. हलगीचा कडक ठोका बोथट होतो का, हे लगेच कळते. स्वतःचा हेडफोन आणि तो यंत्राच्या मोठ्या सॉकेटमध्ये बसवणारी ६.३ मिलिमीटरची जोडपिनही (अ‍ॅडॉप्टर) जवळ ठेवावी. दार उघडताच आत जावे, कारण दुपारच्या गोंगाटात बारकावे ऐकूच येत नाहीत. मात्र मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमीच सरस भासतो, म्हणून आवाजाची पातळी प्रत्येक ठिकाणी सारखी करून घ्यावी.