घरात पंचवीस-तीस मांजरं झालेल्या माणसाला मदत कशी करायची

वास येतो म्हणून सोसायटीवाले थेट नोटीस लावतात, प्लीज तिथून सुरुवात नको. ही माणसं प्राण्यांवर जीव टाकणारी असतात, एक जखमी पिल्लू आणलं, मग दुसरं, नसबंदी राहून गेली, आणि मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, पुढच्या दोन महिन्यांत पिल्लं. बऱ्याचदा मागे कुणी जवळचं गेलेलं असतं. वस्तू किंवा प्राणी साठवत राहण्याच्या आजाराला (होर्डिंग डिसऑर्डर) २०१३ पासून मानसोपचारात वेगळं निदान आहे, त्यामुळे हट्टी, घाणेरडी वगैरे म्हणू नका.

"काकू, एवढी मांजरं कशाला?" असं नका विचारू. "काकू, त्या भुऱ्या बोक्याचे डोळे चिकटलेत, डॉक्टरला दाखवूया का, मी रिक्षा आणते" असं म्हणा. एकाला बरं वाटलं की विश्वास बसतो, मग नसबंदीचं काढा आणि तोवर बोके वेगळ्या खोलीत ठेवायला लावा.

सगळी एकदम उचलून नेऊ नका, अगदी कळकळीने सांगतेय, माणूस कोसळतो आणि बहुतेकदा परत तेच सुरू होतं. नसबंदी झालेली दोन-तीन त्यांच्याकडेच राहू द्या. पण जनावरं उपाशी, मरायला टेकलेली असतील तर थांबू नका, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, घरच्यांनीही फोन करावा. आणि नंतरही जात राहा, चहा घ्या, नवीन पिल्लू दिसलं तर ओरडू नका, त्याच आठवड्यात घर शोधायला लागा.